शाळा व्यवस्थापन समिती: निवडीपासून हिशेबापर्यंत काम कसं करायचं

जिल्हा परिषद, नगरपालिका किंवा महापालिकेच्या शाळेत मूल आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीवर नाव लागलं आहे, अशा पालकांसाठी हा लेख आहे. नाव लागतं, पहिल्या दिवशी सत्कार होतो, आणि मग दर महिन्याला कुणीतरी रजिस्टर घेऊन दारात येतं, "इथं तेवढी सही करा ताई." बहुतेक समित्यांचं काम इथेच थांबतं. ज्यांना खरंच काही करायचं असतं त्यांचा क्रम चुकतो. आधी तक्रार, मग भांडण, मग कागद, आणि शाळा नीट फिरून बघणं कधीच नाही. खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. एक जरी गाळलात तरी पुढचा पोकळ होतो.

## टप्पा १: आपली समिती कोणती आणि तिला अधिकार किती

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ सालचा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २१ मधून ही समिती आली. कायद्याने तिला तीन मुख्य कामं दिली आहेत: शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवणं, शाळा विकास आराखडा तयार करून त्याची शिफारस करणं, आणि शासनाकडून किंवा इतर कुठूनही आलेल्या निधीच्या वापरावर लक्ष ठेवणं.

हे तिन्ही अधिकार पूर्णपणे मिळतात ते सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळेत. खासगी अनुदानित शाळेत आणि अल्पसंख्याक संस्थेच्या शाळेत २०१२ च्या दुरुस्तीनंतर समितीचं काम सल्ला देण्यापुरतं आहे. विनाअनुदानित शाळेला कलम २१ लागूच होत नाही. तिथे पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती असते, आणि फीचा विषय २०११ च्या शुल्क विनियमन कायद्याखाली येतो. शेजारच्या इंग्रजी शाळेतल्या नातेवाइकाने सांगितलेले नियम आपल्या शाळेत चालवू नका, आणि आपले त्याच्याही गळ्यात मारू नका.

तपासा: शाळेचा युडायस क्रमांक (सरकारच्या शाळा-माहिती नोंदणीतला ११ अंकी क्रमांक) आणि व्यवस्थापनाचा प्रकार मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. समितीबाबत सध्या लागू असलेल्या शासन निर्णयाची प्रतही मागा. महाराष्ट्रातल्या समित्यांची घडण १७ जून २०१० च्या शासन निर्णयावर उभी आहे, पण नंतर सुधारणा होत आल्या आहेत. हातात चालू प्रत हवी.

## टप्पा २: पालकसभा आणि निवड

इथे झालेली चूक पूर्ण मुदतभर निस्तरत बसावी लागते, म्हणून हा टप्पा घाईत उरकू नका.

समिती १२ ते १६ जणांची असते, सदस्य सचिव वगळून. किमान तीन चतुर्थांश सदस्य शाळेत शिकणाऱ्या मुलांचे आईवडील किंवा पालक हवेत. म्हणजे १२ जणांच्या समितीत ९ पालक. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचा (जिल्हा परिषद, नगरपालिका, ग्रामपंचायत वगैरे) निवडून आलेला सदस्य, शिक्षकांनी निवडलेला शिक्षक आणि पालकांनी निवडलेला स्थानिक शिक्षणतज्ज्ञ येतो. निम्म्या सदस्य महिला असल्याच पाहिजेत. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या पटाच्या प्रमाणात जागा हव्यात. मुख्याध्यापक पदसिद्ध सदस्य सचिव असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडायचे. दोन विद्यार्थीही बैठकीला बसतात, त्यात किमान एक मुलगी. मुदत दोन वर्षांची.

आता क्रम.

१. सभेची तारीख किमान आठवडाभर आधी जाहीर करा. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं, असं समजू नका. ज्या घरी स्मार्टफोन नाही त्याच घरचा पालक समितीवर जास्त हवा असतो. मुलांच्या वहीत सूचना लिहून पाठवा, फलकावर लावा, वाडीवस्तीवर दवंडी द्या.

२. वेळ मजुरीला जाणाऱ्या बायांना जमेल अशी ठेवा. सकाळी अकराची सभा म्हणजे रोजंदारीवाल्यांना बाहेर ठेवणंच.

३. सभेत आधी नियम वाचून दाखवा आणि मगच नावं मागा. प्रत्येक इयत्तेतून निदान एक पालक येईल असं बघा. ज्याचं मूल सतत गैरहजर असतं किंवा वाचनात मागे आहे, त्याच्या आईला किंवा वडिलांना आग्रहाने घ्या. शाळा कुठे कमी पडते हे त्या घराला सगळ्यात आधी कळतं.

४. मग सदस्यांची निवड, आणि त्यानंतर सदस्यांनी अध्यक्ष-उपाध्यक्षांची निवड.

५. हजर पालकांच्या सह्या, निवडलेल्यांची नावं, सूचक आणि अनुमोदक हे सगळं त्याच बैठकीत प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकांच्या नोंदवहीत, लिहून घ्या. यादी शाळेच्या दर्शनी फलकावर लावा.

सावध: गावात वजन आहे म्हणून शाळेत मूल नसलेल्या माणसाला अध्यक्ष करणं ही सगळ्यात जास्त आढळणारी चूक. अशी निवड नियमात बसत नाही. पाल्य शाळा सोडून गेलं की पालक म्हणून असलेलं सदस्यत्वही टिकत नाही. चौथीपर्यंतच्या शाळेत चौथीच्याच मुलांचे पालक भरले, तर पुढच्या जूनमध्ये समिती अर्धी रिकामी झालेली असेल.

सावध: महिला सदस्यांच्या जागी त्यांचे पती किंवा दीर बैठकीला येऊन बसतात आणि सही मात्र ताईंची लागते. पहिल्याच बैठकीत हे थांबवा. सदस्य स्वतः येत नसेल तर वेळ बदला, माणूस बदलू नका.

## टप्पा ३: पहिल्या पंधरा दिवसांत कागद वाचा

अजून कोणावर बोट ठेवायचं नाही, कोणती मागणीही करायची नाही. आधी मुख्याध्यापकांना भेटून खालच्या गोष्टी बघायला मागा. "बघायला" हा शब्द मुद्दाम वापरा. "तपासायला" म्हटलं की दार निम्मं बंद होतं, आणि पुढची दोन वर्षं याच गुरुजींबरोबर काम करायचं आहे.

- मागच्या दोन वर्षांचं समितीचं प्रोसिडिंग बुक
- मागचा शाळा विकास आराखडा
- इयत्तावार पट आणि मागच्या तीन महिन्यांचं हजेरीपत्रक
- युडायस प्लसमध्ये शाळेने भरलेली माहिती
- बँकेचं पासबुक, कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) आणि व्हाउचरची फाइल
- जडसंग्रह नोंदवही, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टर
- पोषण आहाराचा साठा आणि चव रजिस्टर
- मंजूर शिक्षक किती, प्रत्यक्ष किती, याची संचमान्यता

यातला युडायसचा कागद सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचा. शाळेच्या सोयीसुविधांची सरकारदरबारी जी नोंद आहे ती हीच. मुलींचं स्वच्छतागृह बंद पडलेलं आहे आणि युडायसमध्ये "चालू" लिहिलं आहे, तर वरच्या कार्यालयाच्या लेखी तुमच्या शाळेला स्वच्छतागृह लागतच नाही. हीच गोष्ट पिण्याचं पाणी, संरक्षक भिंत, रॅम्प, वीज यांची. आधी नोंद दुरुस्त होईल, मगच निधीची वाट मोकळी होईल.

पटाचं तसंच. शिक्षकांची पदं ठरवताना ३० सप्टेंबरचा पट धरला जातो. त्या तारखेला आधारची नोंद अपुरी राहिलेली मुलं मोजणीतून गळतात आणि शाळेचं पद जाऊ शकतं. ऑगस्टमध्येच अशा मुलांची यादी मागून घ्या आणि त्यांच्या घरी समितीच्या सदस्यांनी जावं. शिक्षकांना एकेका घरी फिरणं जमत नाही, समितीला जमतं.

तपासा: कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० मुलांना तीन, ९१ ते १२० ला चार. आपला पट आणि प्रत्यक्ष शिक्षक एका कागदावर शेजारी शेजारी लिहून ठेवा. आराखड्यात तो लागणार आहे.

## टप्पा ४: शाळा फिरून बघा

दोघे-तिघे मिळून जा, आधी मुख्याध्यापकांना सांगून जा, आणि वर्ग चालू असताना दारात उभं राहून शिक्षकांना प्रश्न विचारू नका. समितीला देखरेखीचा अधिकार आहे, वर्ग घेण्याचा किंवा मुलांसमोर शिक्षकांना जाब विचारण्याचा नाही. ही मर्यादा एकदा ओलांडली की समितीच्या रास्त गोष्टींनाही शिक्षक विरोध करू लागतात.

काय बघायचं? नळाला पाणी येतं का, आणि टाकी आतून शेवटची कधी धुतली. मुला-मुलींची स्वच्छतागृहं वेगळी आहेत का, आतून कडी लागते का, मुलींच्या बाजूला पाणी पोचतं का. कडीचं विचारायला संकोच वाटतो, पण कडी नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या मुली आपल्याच घरातल्या असतात. पावसाळ्यात कोणत्या वर्गात छत गळतं, वायर उघडी कुठे आहे, रॅम्पवरून व्हीलचेअर खरंच चढते का की तो नुसता फोटोसाठी केला आहे. ग्रंथालयाची पुस्तकं कपाटात कुलूपबंद आहेत की मुलांच्या हातात.

मग मुलांशी बोला, वेगळं बसून. समितीतल्या दोन विद्यार्थ्यांनाच विचारा, "शाळेत कुठं जायला आवडत नाही?" त्यांचं उत्तर कोणत्याही तपासणी तक्त्यात सापडणार नाही.

शिक्षणाचा अंदाजही घ्या, पण परीक्षा घेतल्यासारखा नाही. मुख्याध्यापकांना विचारा: तिसरीच्या किती मुलांना सलग परिच्छेद वाचता येतो, आणि ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी वेगळा वेळ कुठे ठेवला आहे? आकडा कमी आला तर आवाज चढवू नका. लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. दोन आकड्यांमधला फरक हीच समितीच्या कामाची गोष्ट आहे.

तपासा: कायद्याप्रमाणे वर्षाला पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी २२० कामाचे दिवस व्हायला हवेत. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून इतर अशैक्षणिक कामाला शिक्षक लावता येत नाहीत (कलम २७). शिक्षक वारंवार बाहेर असतील तर कोणत्या आदेशाने, हे विचारा. बऱ्याचदा दोष शिक्षकांचा नसतो, आणि तसं असेल तर समितीने त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

## टप्पा ५: मासिक बैठक आणि ठराव

बैठक महिन्यातून किमान एकदा. सूचना आणि विषयपत्रिका निदान तीन-चार दिवस आधी सगळ्यांना पोचली पाहिजे. विषय पाचच्या वर नेऊ नका. पहिला विषय कायम एकच ठेवा: मागच्या ठरावांवर काय झालं.

समितीची ताकद चर्चेत नसते, ठरावात असते. हा ठराव बघा: "शाळेच्या स्वच्छतागृहाबाबत चर्चा झाली. दुरुस्ती व्हावी असे ठरले." याचा कुणालाही उपयोग नाही. कोण करणार, कधी करणार, पैसे कुठले, काहीच कळत नाही. आता हा:

"ठराव क्र. ४. मुलींच्या स्वच्छतागृहाचा दरवाजा व कडी तुटलेली असून पाण्याची जोडणी बंद आहे. दरवाजा व कडीची दुरुस्ती संयुक्त शाळा अनुदानातून १५ जुलैपर्यंत करावी. जबाबदारी मुख्याध्यापक व सदस्य (नाव). पाण्याच्या जोडणीसाठी ग्रामपंचायतीस पत्र द्यावे व पोच घ्यावी, जबाबदारी अध्यक्ष. पुढील बैठकीत आढावा. सूचक (नाव). अनुमोदक (नाव). सर्वानुमते मंजूर."

असा ठराव जोडलेलं पत्र गटशिक्षणाधिकाऱ्यांना सहज बाजूला सारता येत नाही.

इतिवृत्त बैठक संपायच्या आत लिहून, वाचून दाखवून, मग सह्या. ज्या सदस्याला वाचता येत नाही त्यांच्यासाठी मोठ्याने वाचणं बंधनकारक समजा. शेवटच्या ओळीखाली आडवी रेघ मारा, म्हणजे मागाहून मजकूर घुसवायला जागा उरत नाही. पानांना क्रमांक द्या. प्रत्येक सदस्याने आपल्या मोबाईलमध्ये त्या पानाचा फोटो घेऊन जावा, अध्यक्षांनी तर नक्कीच.

सावध: घरी आलेल्या रजिस्टरवर सही करायची नाही. न झालेल्या बैठकीच्या इतिवृत्तावर सही म्हणजे उद्या त्या बैठकीत मंजूर झालेल्या खर्चाला तुम्ही जबाबदार. नम्रपणे सांगा, "गुरुजी, बैठक लावा, मी येते, तिथंच सही करते." एकट्या सदस्याला हे अवघड जातं. तीन-चार जणींनी मिळून ठरवलं की प्रथा मोडते.

## टप्पा ६: शाळा विकास आराखडा

कलम २२ प्रमाणे हा आराखडा समितीने तयार करायचा आहे, आणि पुढचं नियोजन व अनुदान त्याच्या आधारावर व्हायचं आहे. प्रत्यक्षात मात्र तो बहुधा मार्चमध्ये एका संध्याकाळी, मागच्या वर्षीच्या कागदावर नवी तारीख टाकून होतो.

आराखडा तीन वर्षांचा असतो आणि त्यात तीन वार्षिक उपआराखडे असतात. आर्थिक वर्ष संपायच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरअखेर तो तयार हवा. त्यात चार गोष्टी लागतात: पुढच्या प्रत्येक वर्षी इयत्तावार अपेक्षित पट, त्यासाठी लागणारे जादा शिक्षक, लागणाऱ्या भौतिक सुविधा व साहित्य, आणि या सगळ्याला वर्षवार लागणारा पैसा. अध्यक्ष किंवा उपाध्यक्ष आणि सदस्य सचिव यांच्या सहीने तो स्थानिक प्राधिकरणाकडे जातो.

कामाचा क्रम असा ठेवा.

१. सप्टेंबर: गावातल्या शून्य ते सहा वयाच्या मुलांची यादी अंगणवाडी सेविकेकडून घ्या. पुढच्या तीन वर्षांचा पहिलीचा पट त्यातून निघतो. अंदाजे आकडा लिहू नका.

२. सप्टेंबर-ऑक्टोबर: कोणत्या घरची माणसं ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर जाणार, हे आत्ताच विचारा. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांत दसरा-दिवाळीनंतर वस्त्या रिकाम्या होतात. मुलं मागे ठेवायला घर तयार असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी आधी जावी लागते. टोळी गेल्यावर केलेली मागणी त्या हंगामाला उपयोगाची नसते.

३. ऑक्टोबर: २ ऑक्टोबरच्या आसपास ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या ग्रामसभा सुरू होतात. शाळेच्या बांधकामाच्या, पाण्याच्या, भिंतीच्या मागण्या तिथे मांडा आणि ग्रामसभेच्या ठरावात येतील असं बघा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. ते कुठे जातात हे विचारण्याची जागाही हीच. शहरात हेच काम नगरसेवक आणि वॉर्ड कार्यालयामार्फत करावं लागतं.

४. नोव्हेंबर: पालकसभा बोलवा, टप्पा ३ आणि ४ मधल्या नोंदी वाचून दाखवा, आणि मागण्यांचा अग्रक्रम लोकांकडून ठरवून घ्या.

५. डिसेंबर: प्रत्येक मागणीपुढे तीन रकाने भरा: खर्च किती, पैसा कुठून, जबाबदार कोण. मग ठराव, मग सह्या, मग सादर करून पोच.

सावध: आराखड्यात फक्त बांधकाम लिहू नका. रंगरंगोटी आणि प्रवेशद्वाराची कमान दिसते म्हणून तिला आधी जागा मिळते. वाचनात मागे पडलेल्या मुलांसाठी काय करणार, गैरहजर मुलांचं काय, दिव्यांग मुलाला शाळेत काय लागतं, हे पहिल्या पानावर यायला हवं.

## टप्पा ७: पैसा

समग्र शिक्षा या सरकारी शालेय शिक्षण योजनेच्या निकषांप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान पटावर ठरतं: ३० मुलांपर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, १०१ ते २५० ला ५०,०००, २५१ ते १,००० ला ७५,०००, आणि त्यावर १ लाख. यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे असतात. प्रत्यक्ष रक्कम हप्त्याने येते, कधी उशिरा, कधी कमी. म्हणून "यंदा किती मंजूर, किती आले, कोणत्या पत्राने" हे तीन प्रश्न जुलैपासून दर बैठकीत विचारा.

पूर्वी पैसा शाळेच्या खात्यात जमा व्हायचा. आता बऱ्याच निधीची फक्त खर्चाची मर्यादा शाळेला मिळते आणि रक्कम पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन पेमेंट प्रणालीतून थेट पुरवठादाराला जाते. त्यामुळे नुसतं पासबुक बघून चित्र कळत नाही. मर्यादा किती आणि त्यातून खर्च किती, याचा छापील अहवालही मागा. वर्षअखेर न वापरलेली मर्यादा परत जाते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घाईने केलेली खरेदी याच भीतीतून होते, आणि नको त्या वस्तू कपाटात येऊन पडतात.

खर्चाचा क्रम बदलू देऊ नका: गरज, ठराव, दरपत्रकं, खरेदी, वस्तू बघणं, जडसंग्रह नोंदवहीत नोंद, आणि शेवटी पैसे. आधी खरेदी आणि नंतर "कार्योत्तर मंजुरी" ही सवय एकदा लागली की समिती शिक्क्यापुरती उरते.

गणवेशाचंही असंच. २०२४-२५ मध्ये राज्याने गणवेशाचं काम समित्यांकडून काढून एकाच पद्धतीने केलं होतं, पुढच्या वर्षापासून ते पुन्हा समित्यांकडे आलं. कापड हाताला लावून बघा, एक गणवेश धुऊन बघा, शिलाई ओढून बघा, मगच बिलावर सही करा.

सावध: कोऱ्या चेकवर सही नाही. ओटीपी तुमच्या मोबाईलवर येत असेल तर बिल डोळ्यांनी बघितल्याशिवाय सांगायचा नाही, फोनवरून तर नाहीच. खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक दोघांची सही लागते ती एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून.

सावध: लोकवर्गणी ऐच्छिकच. प्रवेशाच्या वेळी, दाखला देताना किंवा पुस्तकं वाटताना वर्गणी मागणं कायद्यात बसत नाही, समितीचा ठराव असला तरीही. मिळालेल्या प्रत्येक रुपयाची पावती द्या आणि कीर्दीत नोंद करा. वस्तू म्हणून मिळालेली देणगी, पंखा असो की टीव्ही, जडसंग्रहात चढवा.

## टप्पा ८: पोषण आहार

हे रोजचं काम आहे, म्हणून पाळी लावा. दर आठवड्याला दोन सदस्य, न कळवता, जेवणाच्या अर्धा तास आधी. चव घ्या आणि चव रजिस्टरमध्ये जे आहे तेच लिहा. "चव चांगली" हे एकच वाक्य महिनाभर एकाच अक्षरात दिसलं तर रजिस्टर नंतर भरलं जातं आहे.

साठ्याचा हिशोब सोपा आहे. पहिली ते पाचवीला मुलामागे दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीला १५० ग्रॅम. आज पाचवीपर्यंतची ६० मुलं हजर असतील तर ६ किलो तांदूळ शिजला पाहिजे. हजेरीपत्रकात ६०, आहार नोंदवहीत ७२ आणि पंगतीत मोजून ५५ असं आलं, तर आकडे लिहून घ्या आणि बैठकीत विचारा. स्वयंपाकघरात आरडाओरडा करू नका. स्वयंपाकी ताईंना मानधन वेळेवर मिळतं का, हेही त्याच भेटीत विचारा. इंधन, भाजीपाला उधारीवर चालू असेल तर डाळ पातळ होण्याचं कारण तिथेच असतं.

## टप्पा ९: दाद कुठे मागायची

पायऱ्या सोडू नका. आधी बैठकीत ठराव. मग मुख्याध्यापकांमार्फत केंद्रप्रमुखांना पत्र. तिथून विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, मग शिक्षणाधिकारी (प्राथमिक). प्रत्येक पत्राला जावक क्रमांक आणि समोरच्या कार्यालयाची पोच. मुलांच्या हक्काचा भंग झाला असेल तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो, आणि त्यानंतर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील आहे. कागद दिले जात नसतील तर माहितीचा अधिकार वापरा. उत्तराची मुदत ३० दिवस.

थेट पालकमंत्र्यांना निवेदन किंवा शाळेला कुलूप हा पहिला उपाय करू नका. कुलूप लागलं की मुलांचे दिवस जातात आणि मूळ प्रश्न बाजूला पडून कुलपाचाच विषय होतो.

अत्यंत महत्त्वाचं: मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याची तक्रार किंवा शंका आली, तर वरची एकही पायरी लागू नाही. समितीने चौकशी करायची नाही, दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवायचं नाही, "गावाची बदनामी" म्हणून मिटवायचं तर मुळीच नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे माहिती असलेल्या प्रत्येकाने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. मुलाला पुन्हा पुन्हा विचारू नका, नाव कुठेही लिहू किंवा सांगू नका. चाइल्ड हेल्पलाइन १०९८. मारहाण आणि मानसिक छळालाही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ प्रमाणे मनाई आहे. "आम्हालाही छड्या बसल्या" हे समितीच्या बैठकीत उत्तर असू शकत नाही.

## टप्पा १०: मुदत संपताना

दोन वर्षं पूर्ण व्हायच्या महिनाभर आधी शेवटची बैठक लावा. त्यात अपुऱ्या राहिलेल्या ठरावांची यादी, आराखड्यातल्या झालेल्या आणि न झालेल्या मागण्या, खात्यातली आणि मर्यादेतली शिल्लक, आणि पाठपुराव्याची पत्रं एका फाइलमध्ये लावून ठेवा. ही फाइल मुख्याध्यापकांच्या कपाटात राहील आणि तिची एक प्रत नव्या अध्यक्षांच्या हाती जाईल, असा ठराव घ्या. गुरुजींची बदली झाली तरी मग मागणी जिवंत राहते.

नवी समिती निवडली की पहिल्याच बैठकीत खात्यावरच्या सह्या बदलण्याचा ठराव व्हायला हवा. तो ठराव, निवडीचं इतिवृत्त आणि नव्या अध्यक्षांची ओळखपत्रं घेऊन मुख्याध्यापकांसोबत बँकेत जा, आणि जुन्या अध्यक्षांचा मोबाईल क्रमांक खात्यावरून काढला का हे तिथेच बघा. हे राहून गेलं तर व्यवहार महिनोन्महिने जुन्या सहीवर चालतात, किंवा अनुदान आलेलं असूनही कुणालाच ते खर्च करता येत नाही.